पेट्रोल पंपावरील दूषित इंधन: कारणे, ओळख आणि पुराव्यासह तक्रार करण्याची पद्धत

टाकी भरून निघालेली गाडी दोन-चार किलोमीटरांतच आचके देऊ लागली आणि बंद पडली, की वाहनचालकाला पहिला संशय येतो तो भेसळीचा. हा संशय प्रत्येक वेळी निराधार असतो असे नाही. परंतु जाणूनबुजून केलेली भेसळ हे इंधन दूषित होण्याच्या अनेक कारणांपैकी केवळ एक कारण आहे. भूमिगत टाकीत शिरलेले पाणी, टाकीच्या तळाशी साचलेला गंज आणि गाळ, त्या पाण्याच्या आधाराने वाढलेले सूक्ष्मजीव आणि टँकर खाली करताना झालेली इंधनांची अदलाबदल ही कारणेही तितकीच खरी आहेत, आणि त्यांचा उगम बहुधा फसवणुकीत नसून देखभालीतील हयगयीत असतो. कारण कोणते आहे यावर गाडीची दुरुस्ती, तक्रारीचा रोख आणि पंपावर करावयाचा बंदोबस्त हे तिन्ही अवलंबून असल्याने ते आधी समजून घेणे आवश्यक आहे.

पाणी: सर्वांत मोठा शत्रू

पाणी इंधनापेक्षा जड असते. पाण्याची घनता घनमीटरला सुमारे १००० किलो, तर युरोपीय मानकांनुसार १५ अंश सेल्सिअसला पेट्रोलची घनता ७२० ते ७७५ आणि डिझेलची साधारण ८२० ते ८४५ किलो असते. त्यामुळे टाकीत शिरलेले पाणी तळाशी जाऊन बसते. पंपाचे शोषणतोंड तळापासून काही अंतर वर ठेवलेले असल्याने थोडे पाणी असेपर्यंत ग्राहकाला काहीच जाणवत नाही. पाण्याची पातळी त्या तोंडापर्यंत पोहोचते किंवा नव्या टँकरच्या जोरदार धारेने तळ ढवळून निघतो, तेव्हा मात्र नोझलमधून थेट पाणी येऊ लागते. म्हणूनच महिनोन्महिने निर्दोष चाललेल्या पंपावर एकाच सकाळी अनेक गाड्या बंद पडतात.

हे पाणी आत येण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. टँकरची नळी जोडण्याच्या तोंडाभोवती सांडलेले इंधन अडवण्यासाठी जमिनीच्या पातळीवर एक कुंड असते. पावसाचे पाणी त्यात साचते, आणि त्याच्या तळाशी टाकीकडे उघडणारी झडप असल्यास ती गळकी असल्यामुळे किंवा ते साचलेले पाणी काढून टाकण्याचा कंटाळा केल्यामुळे ते सरळ टाकीत उतरते. तोंडावरील झाकणाचे रबर झिजलेले असणे, डिपरॉडच्या (टाकीतील पातळी मोजण्याच्या खुणा असलेल्या दांड्याच्या) छिद्राचे झाकण सैल असणे, हवा खेळण्यासाठी बसवलेल्या उभ्या नळीची टोपी तुटलेली असणे, पाणी साचणाऱ्या जागेत टाकीच्या झाकणाखालचे सांधे गळके असणे, या त्याच्या इतर वाटा. पूर आल्यास किंवा भूजलपातळी चढल्यास टाकीच्या भिंतीतील छोट्याशा भोकातूनही पाणी आत येते. हवेतील बाष्प थंड होऊन पाणी बनते हे खरे असले, तरी भूमिगत टाकीचे तापमान फारसे बदलत नसल्याने मोठ्या प्रमाणातील पाण्याचे खापर केवळ बाष्पावर फोडणे सहसा पटण्याजोगे नसते.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ही समस्या अधिक गुंतागुंतीची होते, आणि तिच्याबद्दल सविस्तर लिहिणे गरजेचे आहे. साध्या पेट्रोलमध्ये पाणी जवळजवळ विरघळत नाही. ते खाली राहते आणि उपसून काढता येते. इथेनॉल मात्र पाण्याला स्वतःकडे ओढून घेते. दहा टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल १५ अंशांच्या आसपास सुमारे अर्धा टक्का पाणी सामावून घेते, म्हणजे १०,००० लिटरमागे साधारण ५० लिटर, आणि तोपर्यंत डोळ्यांना काहीही दिसत नाही. ही मर्यादा ओलांडली, किंवा तापमान उतरल्यामुळे ती मर्यादाच खाली आली, की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी जाड थर बनवतात. या फुटीचा फटका दुहेरी असतो. खालचा थर इंजिनात गेला तर गाडी चालणारच नाही. वर राहिलेल्या पेट्रोलमधून इथेनॉल निघून गेल्याने त्याचा ऑक्टेन अंकही (वेळेआधी पेट घेण्यास विरोध करण्याची क्षमता दाखवणारा आकडा) घटतो आणि त्यामुळे इंजिनात ठोके पडू लागतात. एकदा फुटलेले पेट्रोल ढवळून पुन्हा एकजीव होत नाही. तळाचा थर उपसून उरलेले पेट्रोल विकणे हा मार्गही योग्य नव्हे, कारण ते पेट्रोल आता ठरलेल्या दर्जाचे राहिलेले नसते.

गंज, गाळ आणि सूक्ष्मजीव

पाणी असेल तेथे लोखंडी टाकी गंजते आणि गंजाचे बारीक कण इंधनासोबत फिरू लागतात. डिझेलच्या टाकीत तर पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर बुरशी आणि जीवाणू वाढतात. त्यांना अन्न डिझेलातून मिळते आणि जगण्यासाठी लागणारे पाणी खालून मिळते. त्यातून चिकट, तपकिरी-काळसर साय तयार होते, ती फिल्टर भरून टाकते आणि तिच्यातून निघणारी आम्ले धातू पोखरतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वापरात असलेल्या डिझेलच्या ४२ भूमिगत टाक्या आतून तपासल्या, तेव्हा त्यांपैकी ८३ टक्के टाक्यांमध्ये मध्यम किंवा तीव्र स्वरूपाचे गंजणे आढळले, आणि बहुतेक मालकांना त्याची कल्पनाही नव्हती. बाहेरून काहीच दिसत नाही, हीच या दोषातील खरी अडचण आहे.

इंधन देणाऱ्या यंत्राला फिल्टर बसवलेला असतो आणि तो साधारण १० ते ३० मायक्रॉन आकाराचे कण अडवतो. काही फिल्टर पाण्याशी संपर्क येताच फुगतात आणि प्रवाह मंदावतात. नोझलमधून इंधन अचानक संथ येऊ लागणे हा त्यामुळे बिघाडापेक्षा इशारा मानला पाहिजे. ग्राहकांची रांग वाढते म्हणून फिल्टर काढून टाकणे हा प्रकार अत्यंत घातक आहे, कारण त्याने अडलेली सगळी घाण ग्राहकाच्या इंजेक्टरकडे, म्हणजे इंजिनात इंधन फवारणाऱ्या भागाकडे, रवाना होते.

इंधनांची अदलाबदल

टँकरमध्ये वेगवेगळे कप्पे असतात आणि एकाच फेरीत पेट्रोल व डिझेल दोन्ही येऊ शकते. नळी चुकीच्या तोंडाला जोडली गेली, किंवा आधीच्या फेरीतील इंधन कप्प्यात वा नळीत शिल्लक राहिले, तर दोन्ही इंधने मिसळतात. याचे परिणाम पाण्याच्या परिणामांपेक्षा निराळे असतात. पेट्रोलमध्ये डिझेल गेल्यास गाडी धूर ओकते, ठोके देते, थंड असताना सुरू होण्यास त्रास देते. डिझेलमध्ये पेट्रोल गेल्यास धोका अधिक गंभीर असतो, कारण डिझेल हे त्या गाडीच्या उच्चदाब पंपाचे वंगणही असते. पेट्रोल ते वंगण धुऊन काढते, पंपाचे भाग एकमेकांवर घासून धातूचा चुरा सुटतो आणि हा चुरा २००० बारच्या आसपासच्या दाबाने इंजेक्टरमध्ये घुसतो. शिवाय सुरक्षिततेचा प्रश्नही आहे: डिझेलचा ज्वलनांक (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान) ५५ अंशांच्या वर असतो, तर पेट्रोलचा उणे ४० अंशांच्या आसपास, त्यामुळे थोडेसे पेट्रोल मिसळलेले डिझेलही हाताळणीच्या दृष्टीने पेट्रोलइतकेच ज्वालाग्राही समजावे लागते.

भेसळ आणि पुरवठ्यातील दोष

स्वस्त रॉकेल, नाफ्था किंवा औद्योगिक सॉल्व्हंट मिसळून केलेली भेसळ ओळखण्यासाठी घनता मोजणे हा पहिला उपाय आहे, पण त्यावर संपूर्ण भिस्त ठेवता येत नाही. जड रॉकेलाबरोबर हलका नाफ्था मिसळला तर घनता पुन्हा योग्य मर्यादेत आणता येते. अशी भेसळ प्रयोगशाळेतील ऊर्ध्वपातन चाचणीत उघडी पडते, कारण रॉकेल पेट्रोलपेक्षा बऱ्याच उच्च तापमानापर्यंत उकळत राहते. युरोपीय मानकानुसार पेट्रोल २१० अंशांच्या आत पूर्णपणे उकळून संपले पाहिजे. फिल्टर पेपरवर पेट्रोलचा थेंब टाकून डाग राहतो का ते पाहणे ही प्राथमिक चाचणी म्हणून उपयोगी आहे, मात्र रंगद्रव्यामुळेही पुसट वलय राहू शकत असल्याने तिला निकाल मानू नये.

दोष पंपाच्या अलीकडेही, म्हणजे साठवणूक केंद्रात किंवा वाहतुकीत, निर्माण होऊ शकतो. २००७ च्या सुरुवातीला इंग्लंडच्या आग्नेय भागात हजारो गाड्यांचे ऑक्सिजन सेन्सर (धुरातील ऑक्सिजन मोजणारे संवेदक) निकामी झाले. पेट्रोलमध्ये सिलिकॉन आढळले. नेहमीच्या चाचण्यांमध्ये सिलिकॉन शोधलेच जात नसल्याने सुरुवातीच्या तपासण्यांत काहीही दिसले नव्हते. नमुना प्रयोगशाळेला देताना केवळ 'तपासून द्या' एवढे न सांगता गाडीत नेमका कोणता भाग कसा बिघडला हेही लेखी कळवावे, ही या घटनेतून मिळणारी व्यावहारिक शिकवण आहे.

गाडी बंद पडल्यावर वाहनचालकाने काय करावे

सर्वप्रथम गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन बंद करावे आणि ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. पुन्हा पुन्हा चावी फिरवण्याने टाकीतील घाण नळ्यांतून इंजेक्टरपर्यंत पोहोचते, आणि अनेक गाड्यांत नुसती चावी 'ऑन' केली तरी टाकीतील पंप इंधन पुढे ढकलू लागतो. टाकी रिकामी करून धुण्यावर भागले असते तेथे पंप आणि इंजेक्टर बदलण्याची वेळ बहुधा याच मिनिटांत येते. दोष इंधनाचा असल्याचा संशय असेल तर गाडी ओढून न्यावी.

त्यानंतर स्वतःची बाजू तपासावी. आपण भरलेले इंधन गाडीसाठी योग्य होते का, पावतीवर कोणत्या इंधनाचे नाव आहे, डिझेल गाडीत धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचे युरियाचे द्रावण चुकून इंधनाच्या टाकीत तर गेले नाही ना, हे आधी पाहावे. गाडीचा फिल्टर किंवा इंधनपंप आधीपासून कुरकुरत होता का, हेही प्रामाणिकपणे आठवावे. जुना फिल्टर नेमका त्याच दिवशी दगा देऊ शकतो. उलटपक्षी, इंधन भरल्यावर काही किलोमीटरांतच त्रास सुरू होणे आणि त्याच पंपावर त्याच दिवशी इंधन भरलेल्या इतर गाड्यांनाही तसाच त्रास होणे, या दोन गोष्टी एकत्र आल्यास पंपावरील इंधनाचा संशय बराच बळावतो.

मग नोंदी कराव्यात आणि त्या लगेच कराव्यात, कारण त्याच दिवशी दुसरा टँकर खाली झाला किंवा टाकी उपसली गेली की पंपावरील पुरावा राहत नाही. पावती, इंधन भरल्याची वेळ, यंत्राचा व नोझलचा क्रमांक, भरलेले लिटर, ओडोमीटरवरील आकडा आणि गाडी कोठे बंद पडली ते लिहून ठेवावे. डॅशबोर्डवर पेटलेल्या दिव्यांचे छायाचित्र घ्यावे. पावती नसेल तर कार्डाने किंवा मोबाईलवरून केलेल्या देयकाची नोंद चालते. पंपाच्या व्यवस्थापकाला लगेच कळवावे, त्या नोझलची विक्री थांबवण्याची विनंती करावी, टाकीतील पाण्याची पातळी आपल्यासमोर मोजण्यास सांगावे आणि तक्रार लेखी देऊन तिची पोच घ्यावी. संबंधित तेल कंपनी आणि इंधनाच्या दर्जावर देखरेख ठेवणारे स्थानिक शासकीय खाते यांनाही तीच लेखी तक्रार पाठवावी. आवाज चढवून फारसे काही साध्य होत नाही. व्यवस्थापकाला स्वतःलाही टाकीत पाणी शिरल्याचे ठाऊक नसण्याची शक्यता असते, आणि त्याच्या सहकार्यानेच पंपावरील नमुना मिळू शकतो.

नमुना घेणे आणि पाहणे

नमुना काढण्याचे काम शक्यतो मेकॅनिककडूनच, मोकळ्या हवेत आणि ठिणगी वा ज्वाळेपासून दूर करून घ्यावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि दूरवरच्या ठिणगीनेही पेटू शकते. तोंडाने नळी ओढून इंधन काढणे हा जिवावर बेतणारा प्रकार आहे, कारण फुप्फुसात गेलेले थोडेसे इंधनही गंभीर इजा करते.

पाहण्यासाठी स्वच्छ, कोरड्या, पारदर्शक काचेच्या बरणीत टाकीच्या तळाचे इंधन घ्यावे. बरणी गोल हलवून काही मिनिटे स्थिर ठेवावी. तळाशी वेगळा थर किंवा गोळ्यांसारखे थेंब दिसले तर ते पाणी असण्याची शक्यता दाट. पेट्रोल इथेनॉलमिश्रित असेल तर तळाचा थर पाणी आणि इथेनॉल या दोघांचा असेल. संपूर्ण नमुना गढूळ दिसत असेल तर त्यात पाण्याचे सूक्ष्म कण तरंगत असू शकतात; थंड नमुना खोलीच्या तापमानाला आल्यावर स्वच्छ झाला तर ते पाणी विरघळण्याच्या मर्यादेजवळचे होते असे समजावे. तपकिरी कण म्हणजे बहुधा गंज, चिकट साय म्हणजे बहुधा सूक्ष्मजीव. पेट्रोलात डिझेल किंवा रॉकेल मिसळले असेल तर मात्र डोळ्यांना फारसे काही दिसत नाही. तेथे स्वच्छ दिसणाऱ्या नमुन्यावरून पंपाला निर्दोष ठरवणेही चूक ठरेल.

प्रयोगशाळेसाठीचा नमुना वेगळा घ्यावा. गडद रंगाची काचेची बाटली किंवा इंधनासाठीच बनवलेला धातूचा डबा वापरावा, पिण्याच्या पाण्याची बाटली कदापि वापरू नये. इंधन प्रसरण पावते म्हणून वर थोडी जागा सोडावी. शक्य असल्यास गाडीच्या टाकीतून आणि पंपाच्या नोझलमधून असे दोन्हीकडचे नमुने घ्यावेत. पंपावर धातूचा डबा भरताना तो जमिनीवर ठेवावा, म्हणजे स्थिर विद्युतभाराची ठिणगी पडत नाही. प्रत्येक नमुन्याचे भाग करून एक पंपाकडे, एक आपल्याकडे आणि एक तपासणीसाठी ठेवावा. त्यावर तारीख, वेळ, जागा लिहून दोन्ही पक्षांच्या सह्यांसह सील करावे. केवळ आपल्या गाडीतून आपणच काढलेला नमुना वादात कमकुवत ठरतो, कारण त्यात नंतर काही मिसळले नाही हे सिद्ध करणे अवघड जाते.

दुरुस्ती

दूषित इंधनावर चांगले इंधन भरून ते 'पातळ' करण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. नमुन्यात पाण्याचा स्पष्ट थर दिसत असेल किंवा डिझेलमध्ये पेट्रोल गेले असेल, तर हा सल्ला मानू नये. पाणी शोषून घेणारी बाजारातील द्रावणे किरकोळ ओलाव्यापुरतीच आहेत. योग्य क्रम असा: टाकी पूर्ण रिकामी करणे, गरज असल्यास ती उतरवून आतून स्वच्छ करणे, फिल्टर बदलणे, नळ्या धुऊन काढणे, आणि मगच ताजे इंधन भरून इंजिन सुरू करणे. डिझेल गाडीत बदललेल्या फिल्टरचे आवरण कापून आत धातूचा चमकता चुरा आहे का ते अवश्य पाहावे. चुरा सापडला तर उच्चदाब पंप आणि इंजेक्टर यांची तपासणी केल्याशिवाय गाडी चालवू नये. बदललेले सर्व भाग, जुना फिल्टरसुद्धा, जपून ठेवावेत, आणि मेकॅनिककडून काय आढळले याचा लेखी अहवाल घ्यावा. 'इंधन खराब' एवढ्या दोन शब्दांपेक्षा 'टाकीतून काढलेल्या इंधनाच्या तळाशी इतके मिलिलिटर पाणी आढळले' हे वाक्य भरपाईच्या दाव्यात कितीतरी अधिक वजनदार असते.

पंपचालकासाठी

पंपावरील दक्षतेचा कणा म्हणजे पाण्याची रोजची मोजणी. डिपरॉडच्या टोकाला पाणी ओळखणारी पेस्ट लावून तो तळापर्यंत टेकवला की पाण्यात बुडालेल्या भागाचा रंग बदलतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी त्यासाठीच बनवलेली पेस्ट वापरावी, कारण साधी पेस्ट पाणी आणि इथेनॉलचा मिश्र थर नीट दाखवत नाही. हीच अडचण स्वयंचलित मोजणी यंत्राच्या तरंगत्या संवेदकालाही येऊ शकते. इथेनॉल मिसळल्याने त्या थराची घनता पाण्यापेक्षा कमी असते आणि निव्वळ पाण्यासाठी बनवलेला तरंगक त्यावर उचलला जाईलच असे नाही. त्यामुळे यंत्राचा आकडा शून्य दिसत असला तरी हाताने मोजणे सोडू नये, आणि टाकी थोडी कललेली असल्यास खालच्या टोकाला मोजावे.

टँकर आल्यावर खाली करण्यापूर्वी सील, कागदपत्रे आणि कप्प्यातील इंधन जुळवून पाहावे, प्रत्येक कप्प्याच्या तळाचा थोडा नमुना बरणीत घेऊन पाहावा, तोंडावरील रंगखूण आणि नावाची पाटी पुन्हा वाचून मगच नळी जोडावी. त्या वेळी पंपाचा जबाबदार माणूस स्वतः हजर असला पाहिजे. अदलाबदलीच्या चुका घाईच्या आणि अंधाराच्या वेळी सहज घडतात. टँकर खाली झाल्यावर काही काळ त्या टाकीतील विक्री थांबवून गाळ बसू द्यावा आणि पाण्याची पातळी पुन्हा मोजावी. प्रत्येक टँकरचा सीलबंद नमुना पुढील टँकर येईपर्यंत तरी जपून ठेवावा, कारण दोष पुरवठ्यात होता की आपल्या टाकीत, हे त्यावरूनच सिद्ध होते.

तोंडाभोवतीचे कुंड कोरडे ठेवणे, झाकणांची रबरे वेळोवेळी बदलणे आणि फिल्टर बदलल्याची तारीख त्यावरच लिहिणे ही स्वस्तातली कामे आहेत. टाकीत सूक्ष्मजीव वाढले असतील तर नुसते जंतुनाशक ओतू नये. आधी पाणी आणि साय काढून टाकी स्वच्छ करावी, अन्यथा मेलेल्या सायीचे तुकडे सुटून सगळे फिल्टर एकदम भरतात. पूर ओसरल्यावर किंवा मुसळधार पावसानंतर मोजणी केल्याविना विक्री सुरू करू नये. आणि एखादा ग्राहक गाडी बंद पडल्याची तक्रार घेऊन आला, तर त्याच्याशी वाद घालण्यापूर्वी त्या टाकीत डिपरॉड घालून पाहावे. आकडा काहीही येवो, तो वेळेसह नोंदवहीत लिहून ग्राहकाची त्यावर सही घ्यावी, आणि पाणी आढळल्यास त्या टाकीवरील सर्व नोझल लगेच बंद करून त्या दिवशी इंधन नेलेल्या ज्या ज्या ग्राहकांपर्यंत पोहोचता येईल त्यांना गाडी न चालवण्याची सूचना द्यावी.